राज्यगीत आणि माझा वर राहिलेला हात

महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनाला जमलेल्या सगळ्या लोकांना मी राज्यगीतासाठी सावधान उभं केलं, आणि मग त्यांना राज्यगीतांचा इतिहास सांगायला सुरुवात केली.

क्रम उलटा हवा होता. आधी इतिहास, मग सावधान, मग गीत. हे मला त्या दिवशीही कळत असणार. पण हातात माइक आला की माझं कळणं एकीकडे राहतं आणि तोंड दुसरीकडे निघतं. मी शाळेत इतिहास शिकवायचो. निवृत्त झालो तेव्हा लक्षात आलं, की भिसेगावातल्या आमच्या घरात माझं ऐकणारं कुणी नाही. बायको ऐकते, पण मिक्सर चालू ठेवून. म्हणून मी सूत्रसंचालन पत्करलं. ग्रंथालयाचा वर्धापनदिन, कुणाची एकसष्टी, कुणाचा निरोप समारंभ. कर्जतात माइकचा स्टँड उभा राहिला की मी त्याच्या मागे आपोआप उगवतो. मानधन म्हणजे शाल आणि नारळ. आमच्याकडे नारळ विकत आणल्याचं गेल्या कित्येक वर्षांत मला आठवत नाही, आणि शालींचं काय करायचं हा प्रश्न बायको दर दिवाळीला विचारते.

ज्याच्यासाठी मी त्या दिवशी एवढा घसा कोरडा केला, तो माझा शाळेपासूनचा मित्र. कोंडाण्याचा. आम्ही एका बाकावर बसलो, एकाच छडीचा मार खाल्ला. पुढे मी मास्तर झालो आणि तो खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर. पण फिटर म्हणून त्याला कुणी ओळखत नाही. त्याला ओळखतात आवाजावरून. एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत तो गायला लागला की पुढच्या गाडीवरचा लाउडस्पीकर ओशाळतो, असं त्याचं स्वतःचं मत आहे. स्वतःविषयी त्याची मतं फार चांगली आहेत. केस काळेभोर, झब्बा पांढराशुभ्र, भर मे महिन्यात गळ्याला मफलर आणि गालात ज्येष्ठमधाची काडी. "मी माझ्या आवाजाचा नोकर हाय," असं तो नम्रपणे सांगतो. मग त्या नोकरासाठी गरम पाणी आणायचं, पंखा बंद करायचा आणि खिडकी लावायची, ही कामं आपली.

आज जे आपलं राज्यगीत आहे, ते हा माणूस शाळेत असल्यापासून दर एक मेला गात आला. तेव्हा ते नुसतं गाणं होतं. त्याला कुणी नियम लावले नव्हते, उभं राहा की बसा हे कुणी सांगितलं नव्हतं. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं की कुणीतरी म्हणायचं, "आता कोंडाणेकर," आणि हा पुढे व्हायचा. गावागावांतून बोलावणी यायची. सकाळी कर्जत, मग खालापूर, मग चौक गावाकडे कुठेतरी. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, तोंडावर मफलर ओढून, की धूळ जायला नको.

मग काही वर्षांपूर्वी सरकारने ते गाणं राज्यगीत म्हणून जाहीर केलं. त्या संध्याकाळी हा पेढे घेऊन माझ्या दारात.

"ऐकलंस का? माझं गाणं सरकारी झालं."

"तुझं कसं?"

"मंग कोणाचं? एवढी वर्षं कोण गातंय? आता मला पेन्शन लागू होईल का, तेवढं बघ."

चार दिवसांनी पुन्हा आला, या वेळी पेढे नव्हते. त्याला कळलं होतं, की राज्यगीत म्हणून सगळं गाणं घेतलेलं नाही. कार्यक्रमात आटोपशीर बसावं म्हणून कडवी कमी केली आहेत.

"माझं एक कडवं कापलं रं," तो ओसरीवर बसून म्हणाला. "ज्याचं गाणं त्याला इचारायचं तरी."

मी त्याला मास्तरकीच्या सुरात समजावलं, की राज्यगीत हा सन्मानाचा विषय असतो, लोकांना सावधान उभं राहावं लागतं, म्हणून ते छोटंच हवं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आता लोक माझ्यासाठी उभे राहणार?" मी म्हटलं, गाण्यासाठी. तो म्हणाला, "तेच ते."

पण झालं भलतंच. गाणं सरकारी झालं आणि गायक बेकार झाला. राज्यगीताची ठरलेली ध्वनिफीत आली. मोबाइलवर आली, पेनड्राइव्हवर आली, शाळेच्या स्पीकरवर आली. वेळ ठरलेली, सूर ठरलेला, चूक व्हायची भीती नाही. मग फिटरला मोटरसायकलवर बसवून आणायचं कशाला? पहिल्या वर्षी त्याला एकाही गावाने बोलावलं नाही. झब्बा घालून तो कोंडाण्यात घरी बसून राहिला. दुसऱ्या वर्षी झब्बाही घातला नाही. "पूर्वी गाणं गरीब होतं, तवा माझ्याकडं यायचं," एवढंच म्हणाला. 

या वर्षी फेब्रुवारीत त्याचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं जयंतीची तालीम जास्त झाली. ज्येष्ठमध, हळद, मध, कुणी सांगितलेला काढा, सगळं झालं. आवाज कधी यायचा, कधी फाटायचा. शेवटी पनवेलच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूवर गाठ आहे, काढावी लागेल. कसली गाठ, ते काढल्यावर कळेल. बोलता येईल. गाण्याचं आत्ता काही सांगता येत नाही.

तारीख मिळाली मेच्या पहिल्या आठवड्यातली.

परतताना रिक्षात तो, वहिनी आणि मी. वहिनी म्हणजे त्याची बायको. त्या बाहेर बघत होत्या. तो म्हणाला, "आधी सरकारनं कडवं कापलं, आता ह्यो डॉक्टर." मग गालातली काडी काढून म्हणाला, "एक मेला एकदा गाऊन घेतलं असतं."

एवढंच बोलला. आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, छातीवर हात ठेवून म्हणालो, "ते माझ्यावर सोड."

आता माझ्यावर काय काय सोडून लोकांचं काय काय झालं आहे, हा वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे. पण या वेळी मी खरोखर धावपळ केली. आमच्या भागातल्या एका शाळेच्या मैदानावर झेंडावंदन असतं, त्याचं सूत्रसंचालन माझ्याकडे. मी आयोजकांना भेटलो. राज्यगीत प्रत्यक्ष गायलं तर नियम आड येत नाही हे पटवलं. ठरलेली कडवी, ठरलेली चाल, हे कबूल केलं. आजाराचं मात्र बोललो नाही, त्याने बजावलं होतं, "कोणाला सांगू नको. दया येऊन टाळ्या वाजवतील. मला टाळ्या गाण्याच्या पायजेत." राज्यगीतानंतर टाळ्या वाजवत नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही.

आणि त्याने आवाज साठवायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले होते, ताण देऊ नका. म्हणून आठवडाभर हा माणूस एक शब्द बोलला नाही. वहिनी फोनवर सांगायच्या, "भावजी, घरात मुका देव बसवल्यावानी झालंय. पाणी पायजे तर टाळी, चहा पायजे तर दोन टाळ्या. मी पण आता टाळ्यांनीच भांडते." सगळा आवाज एका गाण्यासाठी, दोन मिनिटांत संपणाऱ्या गाण्यासाठी.

आणि मी काय केलं? मी त्याच्या पाठीमागे एक खबरदारी घेतली.

मला रात्री झोप लागेना. ऐन वेळी आवाज फाटला तर? सगळ्या लोकांपुढे, झेंडा फडकवायला येणाऱ्या साहेबांपुढे, राज्यगीताच्या मधोमध? म्हणून आदल्या दिवशी मी साउंडवाल्याला बाजूला घेतलं. तो माझाच विद्यार्थी. त्याला म्हटलं, "ध्वनिफीत तयार ठेव. गाताना त्यांना त्रास झाला, तर मी हात वर करीन. माझा हात वर दिसला की क्षणभरही थांबू नकोस, लाव." तो म्हणाला, "हो सर." दहा वर्षांपूर्वी वर्गात त्याने माझं एकदाही ऐकलं नव्हतं. माणूस बदलू शकतो, ही शक्यता मी धरायला हवी होती.

दुसरी एक गोष्टही मी धरायला हवी होती. इतिहास सांगताना माझा हात वर जातो. नेहमी जातो. तह असो, लढाई असो, नाहीतर दुष्काळ असो, रंगात आलो की उजवा हात वर. शाळेत पोरं माझी नक्कल करायची ती याच हाताची. सगळ्या कर्जताला ठाऊक असलेली ही गोष्ट मला एकट्याला ठाऊक नव्हती.

एक मेची सकाळ. ऊन आठलाच चटके देत होतं. मुलं निकालाला आलेली, म्हणून अर्धी आनंदात, अर्धी काळजीत. साहेब आले. त्यांना इथून पुढे खालापूरला जायचं होतं, हे त्यांच्या ड्रायव्हरने गाडी चालूच ठेवल्यावरून कळत होतं. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. दुसऱ्या माइकमागे माझा मित्र उभा. नवा झब्बा, मफलर काढून वहिनींच्या हातात दिलेली. त्याने ज्येष्ठमधाची काडी गालातून काढली, खिशात ठेवली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. तयार.

मी म्हणालो, "आता राज्यगीत. सर्वांनी सावधान!"

टाचा जुळल्या. मैदान गप्प झालं. इतकं गप्प मैदान मला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. इतके लोक, सगळे माझ्याकडे तोंड करून, आणि कुणीही चुळबुळ करत नाही! शिक्षकाच्या आयुष्यात हा क्षण येत नाही हो. मला वाटलं, माझ्या मित्राला नुसतं कसं गाऊ द्यायचं? दोन शब्द प्रास्ताविक हवं. तो काय गाणार आहे याचं मोल लोकांना कळायला हवं.

"राज्यगीत म्हणजे काय?" मी सुरू केलं.

मी सांगितलं, की काही राज्यांची गाणी राज्यांहून जुनी आहेत. गाणं आधी आलं, राज्य मागून. सांगितलं, की एका राज्यात गाणं किती मिनिटांत आटपायचं आणि कुठल्या चालीत म्हणायचं, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. दक्षिणेकडे एका ठिकाणी गाणं चालू असताना कुणी बसून राहिलं, त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं, आणि मग सरकारने उभं राहायचा नियमच केला. एका राज्याचे दोन भाग झाले तेव्हा गाणं कुणाकडे जाणार हा प्रश्न पडला. भाऊ वेगळे निघताना देवघरातल्या मूर्तीचा पडतो तसा. हे सगळं खरं आहे, आणि बसलेल्या माणसांना ते आवडलंही असतं. पण हे उभे होते. सावधान उभे होते. मी त्यांना विश्राम म्हणालो नव्हतो, आणि मी म्हणेपर्यंत ते हलायला तयार नव्हते, कारण कुठल्याही क्षणी राज्यगीत सुरू होईल असं प्रत्येकाला वाटत होतं. साहेबांच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला आणि तिथे थांबला. तो पुसायचा की नाही, या विचारात साहेब. पहिल्या रांगेतली एक मुलगी हळूहळू डावीकडे कलत चालली होती. मला वाटलं, तल्लीन झाली.

माझ्या मित्राकडे मी पाहिलंच नाही. पुढे वहिनींनी सांगितलं, तो आवंढे गिळत होता. आठवडाभर जपलेला घसा उन्हात वाळत होता, आणि मी गाणं कोर्टात नेत होतो.

शेवटी मी आमच्या राज्यगीताशी आलो. "आणि आज," मी म्हणालो, "हे गाणं जो माणूस ते सरकारी व्हायच्या कितीतरी आधीपासून गात आला आहे, तो..."

आणि हात वर गेला.

साउंडवाला क्षणभरही थांबला नाही.

स्पीकरमधून ते आलं. झांजा, ढोल, खणखणीत, ठरलेल्या सुरात. माझा मित्र तोंड उघडण्याच्या बेतात होता. त्याचे ओठ विलग झालेले मला दिसले; मग ते मिटले. त्याने हात बाजूला सरळ केले आणि तो सावधान उभा राहिला. राज्यगीत सुरू झालं होतं ना.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? धावत जाऊन वायर उपटायची? राज्यगीत मध्येच तोडायचं? हलायचं? मीच तर आत्ता लोकांना सांगितलं होतं, की या वेळी हलायचं नसतं. एवढंच काय, माझा हात वर होता आणि तो खाली आणावा की आणू नये, हेसुद्धा मला ठरवता येईना. नियमात हाताचं काही दिलेलं नाही. म्हणून सबंध राज्यगीत मी उजवा हात वर करून उभा राहिलो, चौकातल्या पोलिसासारखा. समोर माझा मित्र, माझ्याकडे बघत. त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता हिशेब लावत होता: स्पीकर, साउंडवाला, माझा हात. फिटरच तो. कुठला नट कुठून सुटला, हे शोधायला त्याला दोन कडवी पुरली.

गाणं संपलं. मी माइकवर ओरडलो, "थांबा, आता प्रत्यक्ष गायन..." पण पीटीच्या मास्तरांनी विश्राम दिला होता. सावधानमधून सुटलेली मुलं म्हणजे दाव्यातून सुटलेली वासरं. डावीकडे कललेल्या मुलीला दोघींनी पाणी पाजायला नेलं. साहेब नाकावरचा थेंब पुसत गाडीकडे निघाले. मी मागे धावलो.

"साहेब, पाचच मिनिटं, आमचे गायक..."

"झालं ना राज्यगीत?" ते म्हणाले. "छान झालं. दोनदा नसतं हो."

खरं आहे. दोनदा नसतं.

मी परत आलो तेव्हा वहिनी मफलर घडी करत होत्या. आठवडाभरात पहिल्यांदा माझा मित्र बोलला. आवाज स्वच्छ होता. तेच मला फार लागलं. "तू रेकॉर्ड लावून ठेवली होतीस," तो म्हणाला. "माझ्यावर भरवसा नव्हता, तर सांगायचं होतंस रं." आणि कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून निघून गेला. या वेळी त्याने तोंडावर मफलर ओढली नाही.

दुपारपर्यंत माझा हात वर केलेला फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली कुणी लिहिलं होतं, "सर, बसा, उत्तर येतंय हे कळलं."

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून कोंडाण्याला गेलो. वहिनी अंगणात पावसाआधी वालाला ऊन दाखवत होत्या. तो आत होता. खाटेच्या कुरकुरीवरून कळत होतं. मी अंगणातूनच माफी मागायला लागलो. हेतू कसा चांगला होता, काळजीपोटी माणूस काय काय करतो, इतिहासात अशी उदाहरणं कशी सापडतात...

"भावजी," वहिनी सुपातले खडे वेचत म्हणाल्या, "तुमी माफी मागायला आलात का सूत्रसंचालनाला?"

आतून दोन टाळ्या वाजल्या. मला वाटलं, मला आत बोलावलं. वहिनी म्हणाल्या, "चहा मागतायत. स्वतःला."

तरी मी हार मानली नाही. हार मानली असती तर बरं झालं असतं, अशी माझ्या आयुष्यातली प्रकरणं मोजायला घेतली तर... जाऊ दे. लोधिवलीला माझा एक चुलतभाऊ नव्या इमारतींच्या संकुलात राहतो. तिथे त्याच आठवड्यात पूजा होती आणि संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रम. त्याला फोन केला.

"गायक पाठवतो. एकच गाणं."

"पाठव की. हिंदी चालेल, जुनं पण चालेल."

"राज्यगीत."

मग तो म्हणाला, "अरे, त्याला उभं राहायला लागतं ना? आमच्याकडे प्रेक्षकांत सगळे गुडघेवाले. एकदा बसले की प्रसादाशिवाय उठत नाहीत."

"वृद्धांना सूट आहे. नियमातच आहे."

"मग उभं कोण राहणार? सेक्रेटरी एकटा?"

मी फोन ठेवला. गाणं नुसतं गाणं होतं तेव्हा ते कुठेही म्हणता येत होतं. ओसरीवर, ट्रकवर, लग्नात. आता त्याला मान मिळाला होता, आणि त्या मानाचं काय करावं हे कुणालाच उमगत नव्हतं. मला तर नाहीच.

ऑपरेशनच्या दिवशी पनवेलच्या दवाखान्यात गेलो. त्याने येऊ नको असं कळवलं नव्हतं, त्यालाच मी बोलावणं समजलो. तो हिरव्या अंगरख्यात खाटेवर बसला होता. झब्ब्याशिवाय अगदी लहान दिसत होता. केसांचं काळं मुळाशी पांढरं झालं होतं. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. बाजूच्या खाटेवर टाके घातलेला एक माणूस, त्यापलीकडे एक म्हातारा, दाराशी नर्स.

मी खुर्ची ओढली आणि हळूच म्हणालो, "इथे म्हण."

त्याने भुवया वर केल्या.

"म्हण. हळू आवाजात. मी ऐकतो. कडवं गाळायचंही कारण नाही."

"इथं?" तो बोलला. आवाज खरखरीत होता. साठवलेला कधीच विरून गेला होता. "आणि हे सगळे उभे राहणार? त्याचे टाके तुटले तर तू घालणार हायेस?"

"रुग्णांना सूट आहे," मी म्हणालो. "आजारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका, सगळ्यांना..."

"आणि नर्सला?"

नर्सला नव्हती. धडधाकट होती.

"ती सुई घेऊन सावधान उभी राहील," तो म्हणाला, "आणि तू हात वर करशील, आणि ती सुई मला टोचील." मग हसला. हसताना त्याला खोकला आला, आणि खोकला थांबेना. मी पाठीवर हात फिरवत राहिलो. थांबल्यावर तो भिंतीकडे बघत म्हणाला, "आवाज नाय आला तर काय रं करायचं?"

सगळ्या प्रश्नांना मी उत्तरं देतो. येत नसलं तरी देतो. तीस वर्षं पगार त्याचाच घेतला. तोंड उघडलं. काही आलं नाही. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, जरा थांबून पाहिलं, आणि म्हणाला, "बघ. तुला पण नाय येत."

मग त्याला आत नेलं.

बाहेर वहिनी बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. आत मफलर होती. मी भिंतीपाशी उभा होतो. वहिनींशी काय बोलावं कळेना, म्हणून उभाच. किती वेळ, माहीत नाही. एक वॉर्डबॉय येऊन म्हणाला, "काका, असे ताठ का उभे? बसा ना. स्ट्रेचर न्यायचंय." तेव्हा पाहिलं, टाचा जुळलेल्या होत्या.

गाठ साधी निघाली. ते कळलं तेव्हा वहिनी रडल्या आणि मी एका अनोळखी माणसाला मिठी मारली. तो आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आला होता. पण डॉक्टरांचं वाक्य तेच राहिलं: बोलता येईल, गाण्याचं बघू. त्याआधी मात्र पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही.

मग कोंडाण्याचं ते घर पुन्हा टाळ्यांवर चालू लागलं. मी दर दोन दिवसांनी जायचो. तो बोलू शकत नव्हता, म्हणून मी बोलायचो. मला वाटायचं, त्याला बरं वाटतंय. तो डोळे मिटून पडायचा.

मौन सोडायचा दिवस आला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सुरुवातीला दोनचार शब्द, जास्त नाही. तो खाटेवर टेकून बसला होता. आज झब्बा होता, मफलरही होती. वहिनी पाण्याचा पेला घेऊन उभ्या. त्याने खाकरायचं टाळलं, पाणी घेतलं, ओठ ओले केले. आम्ही तिघं त्याच्या गळ्याकडे बघत होतो. तोसुद्धा, बघता आलं असतं तर.

ती शांतता मला सोसवेना. आतून काहीच आलं नाही तर? नुसती हवा आली तर? मला वाटलं, थोडा वेळ काढावा. एवढ्यात कशाला, जरा थांबून बघू.

"एक मिनिट," मी म्हणालो. "आजचा हा क्षण तसा साधा नाही. माणसाचा आवाज म्हणजे काय? आपण शाळेत होतो तेव्हा..."

आणि शाळेपासून सुरुवात केली. बाकापर्यंत आलो, छडीपर्यंत आलो, पहिल्या एक मेपर्यंत आलो. वहिनींच्या हातातला पेला खाली गेला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मला दिसलं, की समोर हवेत माझा हात आहे, वर. मी तो झटकन खाली घेतला आणि गप्प झालो.

त्याने वहिनींकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. आवाज आला, खोल, फाटका, विहिरीतून बादली खडकाला घासत वर यावी तसा. पण आला.

"डॉक्टरनं," तो एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला, "घसा चुकीच्या माणसाचा कापला."